मापानं शिवलेलं पत्र

४ जानेवारी

चि. भुंगीस,
सुई-दोऱ्यासकट मावशीचे अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र आणि जावईबापूंचं पत्र एकाच दिवशी आलं. तुझं आधी फोडलं. त्यांचं वाचायचं म्हणजे शब्दकोश लागतो, जाड भिंगाचा चष्मा लागतो, आणि दुकानात गिऱ्हाईक नसावं लागतं. तिन्ही एकदम जमायला दोन दिवस गेले.

तू फोन कर म्हणतेस. अगं, फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनानं भरते. मागे तू प्रयोगशाळेत कुणाच्या तरी कवळीचा दात पडला म्हणालीस, आणि मी महिनाभर समोरच्या धुलाईवाल्याला सांगत होते की आमच्या पोरीचा दात पडला, वय काय तिचं. तेव्हा आपलं पत्रच बरं. कागद बहिऱ्या माणसावर ओरडत नाही.

आता मुद्द्याचं. मी सातवीत शाळा सोडली हे तुला ठाऊक आहे. माझं इंग्रजी कपड्यांच्या लेबलांवरचं. गरम पाण्यात धुऊ नये, पिळू नये, उन्हात वाळवू नये. चार वर्षांपूर्वी तू परमुलखात लग्न केलंस आणि तुझ्या नवऱ्याला मराठीचा म सुद्धा येईना, तेव्हा साठी उलटल्यावर मी शब्दकोश विकत घेतला. जावयाशी बोलायला दुभाष्या ठेवायचा म्हणजे आपल्याच घरात पाहुण्यासारखं बसायचं. पहिल्या दोन वर्षांत त्यांची तीन पत्रं आली. मी तुला टोमणे मारले. ते चांगलेच लागू पडले, कारण गेली दोन वर्षं त्यांनी एक महिना चुकवलेला नाही. सगळी कशी सुबक टाइप केलेली.

पण बाई, मी वही घातली आहे. त्यांच्या पत्रांतली तीच ती वाक्यं उतरवून घेते आणि पुन्हा आली की पुढे खडूनं रेघ मारते. ‘टू बी ऑनेस्ट’, म्हणजे प्रामाणिकपणे सांगायचं तर. एका पत्रात तीनदा. प्रामाणिकपणे सांगायचं तर इकडे थंडी आहे. थंडी अप्रामाणिकपणे कशी सांगतात ते मला कळलेलं नाही. ‘निडलेस टू से’, म्हणजे सांगायला नको, असं म्हणून पुढे सगळं सांगतात. ‘ॲट द एंड ऑफ द डे’ आलं की मी त्यांच्या संध्याकाळची वाट बघत बसते, संध्याकाळ काही येत नाही. आणि ‘नो वरीज’. काळजी नको. मी करत नव्हते, आता करते.

मला हे रेडीमेड शर्टासारखं वाटतं. कुणालाही बसतो, म्हणजे कुणाचाच नसतो. तरी एक कबूल करते. त्यांना पत्र लिहिताना माझा हात मोकळा सुटतो. देव आणि न पाहिलेला जावई, दोघांना काहीही सांगता येतं. मध्ये बोलत नाहीत.

गुडघा तसाच. दुकान बरं. लोभ आहेच, त्याला अधूनमधून ऊन दाखवत जा.
तुझी,
मावशी


२१ जानेवारी

ती. मावशीस,
भुंगीचा दुरूनच, पण वाकून सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि हसता हसता एका गृहस्थांची खालची कवळी हातातून निसटली. बचावली. त्यांच्या वतीनं तुझे आभार मानते.

तू त्याची इतकी चिरफाड करू नकोस. इथे सगळेच असं बोलतात. माझ्यासमोर रोज दातांच्या सोळा छटांची पट्टी असते, दुधाळ, पिवळट, राखाडी. प्रत्येक माणसाचा रंग वेगळा. पण दात बसवले की सगळी तोंडं तीच चार वाक्यं बोलतात. त्याचं तर कामच तक्रारींना उत्तरं द्यायचं. दिवसाला ऐंशी पत्रं. प्रत्येकाला कळवायचं की तुमचं म्हणणं आम्ही ऐकलं. घरी येईपर्यंत त्याच्याजवळ स्वतःची वाक्यं उरत नसतील. तू त्याला काय लिहितेस ते मी विचारत नाही, तोही सांगत नाही. तुमचं तुम्ही बघा.

माझं बरं चाललंय. सूप एकदा करते, ते चार दिवस पुरतं.

परवा कामावरून येताना इथल्या तळ्यात होड्या सोडलेल्या दिसल्या. मला आपला तो मंगळवार आठवला. मी अकरा वर्षांची. तू शाळेच्या फाटकातच उभी होतीस. भर कामाच्या दिवशी दुकानाचं शटर ओढून आलीस आणि मला तळ्यावर नेलंस. तू, जी तापात सुद्धा शटर ओढत नव्हतीस. होडीवाल्याला तू अजून एक फेरी, अजून एक फेरी म्हणत राहिलीस आणि मी पाण्यात हात घालून गुणगुणत होते. एखादा दिवस चौकटीत बसवून भिंतीवर टांगता आला असता तर मी तो टांगला असता.

गुडघ्याला शेक दे, नुसता उल्लेख करू नकोस. लोभ आहे तो तसाच घट्ट टाक्याचा राहो.
तुझी,
भुंगी


९ फेब्रुवारी
(खर्डा. आधी मराठीत, मग शब्दकोश घेऊन उतरवायचा.)

चि. जावईबापूंस,
न पाहिलेल्या सासूचे अ. आशीर्वाद.

आज एक गोष्ट लिहिते ती भुंगीला कळता कामा नये. मराठीत मी ती कुणाला सांगू शकले नाही. मराठीत तिचा आवाज होतो. तुमच्या भाषेत ती मला परक्या बाईची गोष्ट वाटते, म्हणून धीर होतो.

भुंगीची आई, म्हणजे माझी ताई, गेली तेव्हा पोर आठ वर्षांची होती. बाप त्याच्या दोन वर्षं आधीच घर सोडून गेला होता. लिफ्ट बसवणारा माणूस, आज या गावी, उद्या त्या. ताईच्या आजारपणात तो फिरकला नाही. भुंगीला मी वाढवलं. ती विचारायची तेव्हा मी सांगायची, तुझ्या बापानं कधी चौकशी केली नाही. हे ऐकून ऐकून तिनं विचारणं सोडलं.

हे खोटं आहे. ती अकरा वर्षांची असताना तो दुकानात आला. तिला बघायचं म्हणाला. मी म्हटलं, शाळेत आहे. तेव्हा त्यानं अंगातला कोट काढला, बाहीला जळून भोक पडलं होतं, आणि रफूला ठेवला. आमच्याकडे प्रत्येक कपड्याला कापडी बिल्ला बांधतात आणि गिऱ्हाईकाचं नाव-पत्ता त्याच्यावर लिहितात. त्यानं तो स्वतःच्या हातानं लिहिला. पुढच्या मंगळवारी संध्याकाळी येतो, कोट नेतो आणि पोरीला भेटतो, म्हणाला. मी मान हलवली.

त्या मंगळवारी मी शटर ओढलं आणि भुंगीला शाळेतून परस्पर तळ्यावर होडीत बसवायला नेलं. अंधार पडेपर्यंत फिरवलं. तो येऊन बंद दार बघून गेला असणार. पुन्हा आला नाही.

गेल्या महिन्यात पोरीनं लिहिलं की तो दिवस तिच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा. ते पत्र मी रोज उघडते आणि पुन्हा घडी घालून ठेवते. तुम्ही तिच्यासोबत राहता, तिचा कल तुम्हाला कळतो. तिला सांगू का, की झाकली मूठ झाकलेलीच ठेवू? तुम्ही म्हणाल तसं करीन.

हे पोटात ठेवा. तुमच्या भरवशावर लिहिलं आहे.
तुमची,
मावशी


२० मार्च
(खर्डा)

चि. जावईबापूंस आशीर्वाद.

तुमचं उत्तर मिळालं. पाच ओळी. ‘आय हिअर यू’, तुमचं म्हणणं ऐकलं. ‘इट इज व्हॉट इट इज’, जे आहे ते आहे. ‘नो वरीज’. मग हवा थंड आहे, आणि स्वतःला जपा.

मी तीनदा वाचलं. वाटलं, एखादं पान पाकिटात अडकलं असेल. पाकीट उलटं करून झटकलं. धुलाईवाला म्हणाला, काय शोधताय, मी म्हटलं, जावई शोधते.

मी तुमच्याकडे तक्रार नोंदवली नव्हती हो. पंचवीस वर्षं छातीवर ठेवलेला दगड काढून तुमच्या हातात दिला, आणि तुम्ही त्याची पोच दिलीत. भुंगीचंही या महिन्यात पत्र नाही. दोघांनी मिळून अबोला धरल्यासारखं झालंय.

एक मागणं आहे. सोबत माझ्या वहीतली यादी जोडली आहे, एकतीस वाक्यं, प्रत्येकाच्या पुढे रेघा. यातलं एकही वाक्य न वापरता मला एक पान लिहा. सल्ला नको. काहीही लिहा, घरातल्या डब्याबद्दल लिहा, पण तुमच्या मापाचं लिहा. बाहीत हात घातल्यावर मला कळलं पाहिजे की आत माणूस आहे.

ते जमत नसेल तर लिहू नका. मी समजून घेईन आणि यापुढे आशीर्वादापुरतंच लिहीन.
मावशी


२४ एप्रिल

भुंगी,

वर मायना लिहिलेला नाही, तो विसरून राहिलेला नाही.

तुझ्या नवऱ्याचं पान आलं. एकतिसांपैकी एकही वाक्य नाही. पहिल्यांदा वाचताना डोळे भरले. म्हटलं, मिळाला, आपला जावई मिळाला. शब्दकोश न घेता सगळं कळलं.

त्यात लिहिलंय की घरी बटणांचा एक पत्र्याचा डबा आहे. मन लागत नसलं की त्यात हात घालून न बघता बटणं निवडायची, दोन भोकांची एकीकडे, चार भोकांची दुसरीकडे. दोन भोकांची पालथी ठेवायची, कारण त्यांना डोळे मिटता येत नाहीत.

मी म्हटलं, हा तर तुझा लहानपणीचा खेळ, बायकोनं सांगितलं असेल. नवराबायकोत असं बोलणं होतं. पुढे वाचलं. पुढे लिहिलंय की तुमची कात्री दिवस संपल्यावर लाकडावर ठेवल्याचा आवाज मला आठवतो, आधी जड आणि मग तिची बोटं घालायची वळी किणकिणायची, आणि तो ऐकला की कळायचं, आता मावशी माझी.

जो माणूस माझ्या दुकानाची पायरी चढला नाही, त्याला माझ्या कात्रीचा आवाज आठवतो.

चव्वेचाळीस वर्षं रफू करते आहे. टाका पाहिला की हात ओळखते. तू उशीवर पहिलं फूल भरलंस तो टाकाही मला आजही अंधारात बोटानं ओळखू येईल. चोवीस पत्रं मला ओळखू आली नाहीत, कारण त्यांत टाकाच नव्हता, सगळं तयार मशीनचं. एका पानावर तुझा हात सुटला आणि मागची चोवीस उसवली.

सगळी काढून टेबलावर मांडली. चौथ्या पत्रापासून तूच आहेस ना? मी त्यांना काय काय लिहिलं ते आता मला आठवू लागलंय. रस्त्यावर चालताना आठवतं आणि मी थांबते. गुडघ्यापायी मी पाय धुवायला बसते आणि उठता येत नाही, हे मी तुला कधी लिहिलं नसतं. ताई गेल्यावर वर्षभर मला तुझा राग यायचा, पोर म्हणून नव्हे, ओझं म्हणून, हे मी तुला मरेपर्यंत सांगितलं नसतं. ते तू वाचलंस. वाचून मला नवऱ्याच्या नावानं ‘नो वरीज’ लिहिलंस.

आणि फेब्रुवारीतलं पत्र. भुंगीला कळता कामा नये, असं मी भुंगीलाच लिहिलं. भरवसा टाकून, शब्दकोश उघडून, एकेक शब्द शोधून. तू ते वाचत होतीस.

लोक म्हणतात, परक्यानं मारलं तर डोळ्याला पाणी येतं. आपल्यानं मारलं की डोळे कोरडे पडतात. आता कळलं. तू केसानं गळा कापलास गं. दातांचं काम करतेस, तेव्हा हत्तीचं तुला सांगायला नको. दाखवायचे दात छान घडवले होतेस.

तो कुठे आहे?
मावशी


६ मे

ती. मावशीस,
नमस्कार. तू घेतलास तर.

तो दोन वर्षांपूर्वी गेला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर चार ओळींची चिठ्ठी होती. ‘इट इज नॉट यू, इट इज मी’, दोष तुझा नाही, माझा आहे. ‘ॲट द एंड ऑफ द डे’ आपण दोघं वेगळी आहोत. ‘टेक केअर’. मावशी, त्या चारही ओळी मी आधी कुठे ना कुठे वाचलेल्या होत्या. माझ्यासाठी म्हणून त्यात एकही शब्द नव्हता. मी चिठ्ठी उलटून पाहिली. तू पाकीट झटकलंस ना, तशी.

त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं, त्याच्या नावाचं. उत्तर गेलं नसतं तर तू मला विचारलं असतंस. मला तेव्हा कुणाच्या विचारण्याला उत्तर द्यायचं नव्हतं. एकदाच म्हणून लिहिलं. त्याचं बोलणं उचलायला कष्ट पडले नाहीत. साचा तयार होता, ओतलं की दात तयार.

पुढच्याच महिन्यात सांगायचं ठरवलं होतं. पण तू त्याला लिहू लागलीस. मला तू काय लिहायचीस आठवून बघ. आशीर्वाद, गुडघा, जेवत जा, थंडीत पाय झाक. त्याला तू माणसासारखं लिहायचीस. तू घाबरतेस, तू चिडतेस, तुला ताईच्या साडीचा वास अजून येतो. अठ्ठावीस वर्षं तुझ्या घरची असून मला ही बाई माहीत नव्हती. मला ती पत्रं हवी होती. पाकिटावर दुसऱ्याचं नाव असलं तरी हवी होती. हे पाप आहे आणि ते मी दर महिन्याला केलं.

आता तुझी पाळी.

फेब्रुवारीतलं पत्र मी बसस्टॉपवर फोडलं. तुझं इंग्रजी सोपं असतं, दोन मिनिटांत वाचून झालं. तीन बस गेल्या. माझ्या वडिलांनी चौकशी केली होती. ते दारात आले होते. त्यांना अंगातला कोट काढून ठेवावा लागला, पोरीला बघायची हमी म्हणून. आणि तू मला होडीत बसवलंस.

तो दिवस मी भिंतीवर टांगला होता, मावशी. लग्न मोडलं तेव्हा सुद्धा मी त्या दिवसाकडे बघून उठले. मनाशी म्हणायची, निदान एक माणूस असं आहे, ज्यानं नुसतं माझ्यासाठी शटर ओढलं. तू शटर ओढलंस ते त्यांच्यासाठी. मी पाण्यात हात घालून गुणगुणत होते आणि तू अजून एक फेरी म्हणत होतीस, कारण अजून अंधार पडला नव्हता.

‘इट इज व्हॉट इट इज’ का लिहिलं, विचारशील. त्या दिवशी माझ्याकडे दुसरं वाक्य नव्हतं. लोक ही वाक्यं का वापरतात ते मला तेव्हा कळलं. हात कापत असताना रेडीमेड चढवता येतं, बटणं लावत बसावं लागत नाही. खरं लिहिलं असतं तर त्यानं लिहिलेलं वाटलं नसतं, आणि माझ्या नावानं लिहिलं असतं तर तुला कळलं असतं की मी चोर आहे. चोरालाही चोरी झाल्याची फिर्याद द्यायची होती. कुठे देणार?

तू म्हणालीस तुझ्या मापाचं लिही. एक पान मी खरं लिहिलं आणि त्यातच सापडले. सापडायचं असंच मनात असेल कदाचित. ठाऊक नाही.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, एवढंच म्हणता येतं. लोभाबद्दल आज काही लिहीत नाही.
भुंगी


२० मे

चि. भुंगीस,

आशीर्वाद हा शब्द चारदा लिहिला आणि चारदा खोडला. तुला द्यायचा नाही म्हणून नव्हे. सवयीनं लिहिला जात होता. माझ्या वहीत तुझ्या नवऱ्याची एकतीस वाक्यं होती. काल तुला लिहिलेली जुनी पत्रं आठवून पाहिली. खुशाल असशील, जेवत जा, लोभ आहेच. मीही रेघा मारल्या. एकतिसाच्या पुढे गेल्या.

तू चूक केलीस. माझ्या पोटातलं चोरून वाचलंस. त्याचा राग अजून आहे आणि तो लपवत नाही. पण तुझ्याहून मोठी चोरी माझी आहे. मी कागद नाही, माणूस चोरला. तो ताईला टाकून गेला होता, हे खरं आहे. तू मला सोडून त्याच्याबरोबर गेली असतीस तर मी त्या दुकानात कुणासाठी दिवा लावला असता, हेही खरं आहे. पहिलं कारण मी स्वतःला पंचवीस वर्षं सांगत आले. दुसरं आज पहिल्यांदा लिहिते आहे.

सोबत पार्सल पाठवते. त्याचा कोट. मागच्या खोलीत सगळ्यात आतल्या खुंटीवर, कापड गुंडाळून होता. दिला तसाच आहे. बिल्ला काढलेला नाही. त्याच्या हातचा पत्ता आहे. पंचवीस वर्षांत शाई तपकिरी झाली आहे, पण वाचता येते. तिथे तो असेल की नाही, कुठे असेल की नाही, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

पुढचं तुझ्या हातात. तू त्याच्याकडे गेलीस, तिथलीच झालीस, तर मी तक्रार करणार नाही. करीन, पण तुला लिहिणार नाही.

महिना होत आला, दुकान बंद करताना कात्री हळू ठेवते. आवाज होऊ देत नाही. ऐकायला कुणी नाही असं नव्हे. मलाच ऐकवत नाही.
मावशी


११ जून

ती. मावशीस,

पार्सल मिळालं. तीन दिवस ते दाराजवळच ठेवलं होतं. काल उघडलं.

कोट मोठा आहे. मला वाटलं होतं ते उंच नसतील, का ते सांगता येत नाही. खिशात काही नाही, मी पाहिलं. बिल्ल्यावरचं अक्षर माझ्या अक्षरासारखं आहे, ‘र’ तसाच मोडलेला. मी खुर्चीला कोट घातला आणि समोर बसून राहिले. त्यांना पत्र लिहायचा प्रयत्न केला. वरची ओळच जुळेना. इंग्रजीत शंभर सुरुवाती आहेत आणि मराठीत दहा, आणि त्यातली एकही माझ्या बापाच्या मापाची नाही. कागद तसाच कोरा आहे. लिहीन. कधी ते मला ठरवू दे.

तुला माफ केलं असं मी लिहीत नाही. लिहिलं तर ते तुझ्या वहीत जाईल आणि तू पुढे रेघ मारशील.

पण एक गोष्ट विचारायची आहे. तू लिहिलंस, कोट दिला तसाच आहे. मी बाही खिडकीपाशी नेली. जळलेलं भोक शोधत होते. बोटं फिरवून सापडेना. मग कापड उलटं केलं. आतून रफू आहे, मावशी. धागा कोटाच्याच आतल्या शिवणीतून काढून घेतलेला, वीण विणीला मिळवलेली, आणि शेवटी डावीकडे दोन उलटे टाके. असे शेवटी दोन उलटे टाके जगात एकच बाई घालते. तू मला ते शिकवायचीस आणि मला जमायचे नाहीत.

इतकं बारीक काम एका बैठकीत होत नाही. चार-पाच दिवस तू त्या बाहीवर बसली असशील. म्हणजे मंगळवार उजाडला तेव्हा कोट तयार होता. जो माणूस येऊ नये असं वाटतं, त्याचा कोट कुणी तयार करून ठेवत नाही. तू दार उघडणार होतीस.

मग त्या दिवशी सकाळपासून काय झालं, आणि शटर कधी ओढलंस, ते लिही. खर्डा नको, शब्दकोश नको. मराठीत लिही, आवाज झाला तर होऊ दे. आणि पाकिटावर नाव माझं घाल.

वाट बघते.
भुंगी